नर्सबाईची बारी

गुणवंती नर्सबाईच्या पायाला भिंगरी होती, भिंगरी! मालगुंडच्या पलीकडे, खाडीकाठच्या खारवीवाडीतल्या सरकारी उपकेंद्रात ती ब्याऐंशी साली आली. लांज्याकडच्या शेतकऱ्याची लेक ती, बांगडा कुठला नि सौंदाळा कुठला हेही तिला कळत नव्हतं. पण बघता बघता वाडीतलं जवळजवळ प्रत्येक बाळंतपण तिच्या हातून होऊ लागलं. बापयमाणसं बोटीवर, घरात बाईला कळा सुरू झालेल्या, की लगेच हाक, "नर्सबाईला बोलवा गो!" आणि ही हातातला घास टाकून धावायची. सरकार पगार देई, पण जीव मात्र हिचा टांगणीला.

नवरा मुंबईला, लहानगी सावी गावी सासूकडे, असं कसंबसं चाललं होतं. तेवढ्यात सासूनं अंथरूण धरलं आणि दीर पोरीला आणून सोडून गेला. झालं! आता अडलेल्या बाईकडे धावायचं की पोरीला बघायचं? एका संध्याकाळी असंच बोलावणं आलं, तेव्हा ती दाराला बाहेरून कडी घालून गेली. परत येऊन बघते तर पोर रडून रडून उंबऱ्याशीच झोपलेली. गुणवंतीनं तिला उचलून पोटाशी धरलं. खड्ड्यात गेली ती नोकरी, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

सकाळी ती ट्रंक भरत होती, तोच चिमाकाकी दारात आली. वाडीतल्या मासे विकणाऱ्या बायकांची ही पुढारीण. ती बोलली की पैलतीरावर ऐकू जाई.

"कुठं निघालीस गो?"

"नोकरी सोडते, काकी. स्वतःच्या पोरीला कोंडून ठेवते, मी कसली आई?"

दुसरी कोणी असती तर डोळे पुसले असते. चिमाकाकी भडकली. "आनि आमी काय पोरांना पाटीत घालून बाजारात जातो? आमची बारी ठावी नाय तुला?"

बारी ही त्या बायकांची जुनी रीत. रोज एक जण वाडीत थांबायची, सगळ्यांची पोरं सांभाळायची. तिच्या वाटचे मासे बाकीच्या विकून आणायच्या. गुणवंती हे रोज बघत होती, पण त्यात आपल्यालाही जागा असेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"पण माझी बारी आली की मी काय करू? ड्यूटी सोडून पोरं कशी सांभाळणार? मला फुकटचं नको, काकी."

चिमाकाकी कमरेवर हात ठेवून खदाखदा हसली. "ऐका गो, फुकटचं म्हने! अगो, ही सगळी पोरं पोटातून धड बाहेर काढली कुनी? तुजी बारी कदीच झाली, बाय. आता आमची!"

गुणवंती तिच्या गळ्यात पडून रडली. इतक्या वर्षांत आपल्यालाही कोणीतरी आहे, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

दुपारी पलीकडच्या वाडीतून बोलावणं आलं. त्या दिवशी बारी जनीची होती. गुणवंती पिशवी घेऊन तिच्या ओटीवर डोकावली. पोरांच्या घोळक्यात सावी बसली होती, गालभर भात, नाकाला आमटी.

"सावे, आई जाते हां!"

"जा ना मग," सावी म्हणाली आणि लगेच पानाकडे वळली.

गुणवंतीच्या काळजाला चटका बसला, नि हसूही फुटलं. डोळे पुसत ती भराभरा अडलेल्या बाईकडे निघाली.