वैजनाथचा हिरवा निकाल

मुरुमच्या पुढं, कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर येते तिथं सिदूआप्पांची वस्ती आहे. त्या दिवशी सकाळी वस्तीवर जी धांदल उडाली होती ती बघून कुणालाही वाटलं असतं, आजच लग्न आहे. लग्न कुठलं, अजून सुपारीही फुटली नव्हती. मुलीकडची माणसं घर बघायला येणार होती, एवढंच. पण हे सिताबाईला कोण सांगणार? सारवलेलं अंगण तिनं पुन्हा सारवलं होतं, आणि त्यावर पाय टाकणाऱ्या कोंबड्यांना शिव्या घालून तिचा घसा बसला होता. सिदूआप्पा नवा फेटा बांधत होते, सोडत होते, परत बांधत होते. फेटा काही मनासारखा बसेना, आणि त्याचा राग ते दिसेल त्याच्यावर काढत होते.

ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो त्यांचा मुलगा वैजनाथ मेंढरं कोंडायच्या वाघरीपाशी, जाळीच्या खुंटाला रेलून उभा होता. तिशी ओलांडलेला, अंगानं थोराड, जरा सावकाश बोलणारा गडी. आज मात्र त्याची नजर रस्त्याच्या वळणावरून हटत नव्हती, कारण ती मुलगी, दीपाली, त्याला मनापासून आवडली होती. मुलगी बघायला गेले तेव्हा तिनं खाली मान घालून बसायचं सोडून त्यालाच विचारलं होतं, "तुम्ही एवढं कमी का बोलता?" खरं सांगायला त्याच्या ओठावर आलं होतं. तेवढ्यात आप्पा असे खोकले की शेजारचा माणूस पाणी आणायला धावला.

खरं काय ते आता सांगूनच टाकू. वैजनाथला स्किझोफ्रेनिया आहे. बारावी झाल्यावर, मेंढरं राखत असताना, त्याला माळावरच्या मोबाइल टॉवरमधून माणसं बोलताना ऐकू येऊ लागली. ती त्याच्याबद्दलच बोलायची, आणि चांगलं काहीच बोलायची नाहीत. तो जेवायचा बंद झाला, कारण भाकरीत काहीतरी घातलंय अशी त्याची खात्री झाली. एकटाच हसायचा, एकटाच भांडायचा. एकदा सगळा कळप माळावर सोडून जो नाहीसा झाला, तो पार हैदराबादच्या वाटेवर एका ढाब्यामागं सापडला. घरच्यांनी अंगारे केले, उतारे केले, काळ्या कोंबड्या ओवाळल्या. गावानं "येडा वैजू" असं बारसं करून टाकलं. शेवटी गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई सिताबाईच्या मागंच लागल्या आणि त्याला उमरग्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथं मंगळवारी मनाच्या आजाराच्या डॉक्टरीणबाई बसतात. त्यांच्या गोळ्यांनी आवाज हळूहळू लांब गेले आणि मग बंद झाले. गोळ्यांनी वजन वाढलं, सकाळी उठायला जड जाऊ लागलं, हात थोडा थरथरू लागला. पण माणूस परत आला! मेंढरं पुन्हा त्याच्या हाकेला फिरू लागली, बाजारात लोकर विकताना तो व्यापाऱ्याशी हुज्जत घालू लागला. आपला पोरगा हुज्जत घालतोय हे बघून सिताबाई भर बाजारात रडली होती.

आता वैजनाथला दोन गोष्टी हव्या होत्या. दीपालीनं हो म्हणावं, आणि खरं कळल्यावर म्हणावं. आप्पांना एकच हवी होती.

"सांगितलं की मोडलं," आप्पा पुन्हा म्हणाले. "तोंड उघडायचं न्हाय."

"आप्पा, उद्या तिला गोळ्या दिसल्या तर?"

आप्पा परत फेट्याकडं वळले. आणि नेमकं तेव्हाच घरचे जावई, बालाजीराव, मोटरसायकलवरून उतरले. बालाजीरावांचं मुरुमला मोबाइल दुरुस्तीचं दुकान. जगातल्या कुठल्याही अडचणीवर मोबाइलमध्ये काहीतरी असतंच, असा त्यांचा ठाम विश्वास. उतरता उतरताच ते ओरडले, "मामा, सापडलं! ह्या आजाराची परीक्षा सापडली. घरबसल्या, फुकट, आन् मराठीतनं!"

वैजनाथला बाजेवर बसवलं गेलं. बालाजीराव एकेक प्रश्न मोठ्यानं वाचू लागले आणि अख्खं घर भोवती जमलं. गेल्या महिन्यात इतरांना न ऐकू येणारे आवाज तुम्हाला ऐकू आले का? न्हाय. कुणी तुमच्यावर पाळत ठेवतंय असं वाटलं का? न्हाय. तुमचे विचार कुणी काढून घेतंय असं वाटलं का? न्हाय. वैजनाथ प्रत्येक उत्तर नीट विचार करून, खरं तेच देत होता, आणि प्रत्येक "न्हाय" बरोबर सिताबाईचे हात आणखी घट्ट जोडले जात होते. शेवटी बालाजीरावांनी बटण दाबलं. पडद्यावर लांबलचक हिरवी पट्टी आली आणि खाली अक्षरं: "तुमच्यात स्किझोफ्रेनियाची लक्षणे आढळत नाहीत."

काय तो जल्लोष! आप्पांनी फेटा हवेत उडवला. सिताबाईनं चुलीपुढचाच अंगारा लेकाच्या कपाळाला फासला. वैजनाथही हुरळला, का नाही हुरळणार? एवढ्या वर्षांत त्याच्याबद्दल कुणी हिरव्या रंगात काही लिहिलं नव्हतं. क्षणभर त्याला खरंच वाटलं, संपलं सगळं.

"सुटलास लेका!" आप्पा म्हणाले. "आजपास्नं गोळ्या बंद. आजारच न्हाय तर पाव्हण्यांना सांगायचं काय?"

तिथं मात्र वैजनाथ थबकला. मागं एकदा बरं वाटतंय म्हणून त्यानं आपल्या मनानं गोळ्या सोडल्या होत्या, आणि महिना सरायच्या आत टॉवर पुन्हा बोलू लागला होता. "आप्पा, गोळ्या चालू हायत म्हणून हिरवं आलंय," तो म्हणाला. "बाईंना विचारल्याबिगर..."

"मोबाइल काय खोटं बोलतो व्हय रं?" आप्पांनी त्याला पुढं बोलूच दिलं नाही, कारण पाहुण्यांची जीप वळणावर दिसली होती.

जीपमधून दीपालीचे काका शिवपुत्र उतरले. मोठ्या मिशांचा, मोठ्या आवाजाचा माणूस. दीपालीचे वडील वारल्यापासून घरचं सगळं तेच बघायचे. आणि त्यांच्यामागून खुद्द दीपाली उतरली! मुलीनं घर बघायला यायची आमच्याकडं रीत नाही. सिताबाईचा हात तोंडावरच गेला. "ऐकतच न्हाय ही," शिवपुत्र म्हणाले. "म्हणती, नांदायचं मला हाय, मग घर मीच बघणार." वैजनाथला ती अजूनच आवडली.

चहा झाला, मेंढरं बघून झाली, दूधदुभत्याचं बोलणं झालं. मग शिवपुत्रांनी रीतीप्रमाणं विचारलं, "पोरगा तब्येतीनं कसा हाय?" सगळेच विचारतात, आणि सगळेच "एकदम बेस" असं सांगून मोकळे होतात. आप्पांनीही तेवढंच सांगितलं असतं तर ही गोष्ट इथं संपली असती. पण आप्पांच्या अंगात सकाळपासूनचा आनंद मावत नव्हता.

"तोंडी कशाला सांगू? पुराव्यानिशी दावतो!" असं म्हणून त्यांनी जावयाच्या हातातला मोबाइल ओढला आणि हिरवी पट्टी पाहुण्यांच्या नाकासमोर धरली. "हे बगा! मोबाइलनंच लिवून दिलंय. कायसुदीक लक्षण न्हाय!"

बालाजीरावांनी कपाळाला हात लावला. अहो, पायात काटा नाही हे दाखवायला कुणी एक्स-रे काढून आणतं का? शिवपुत्रांना ते जोडाक्षरांचं लांब नाव काही वाचता येईना, म्हणून त्यांनी मोबाइल पुतणीकडं दिला. दीपालीनं वाचलं. परत वाचलं. आणि वर बघून शांतपणे विचारलं, "ही परीक्षा ह्यांची का घेतली?"

मग बालाजीराव सावरायला पुढं झाले. "हल्ली सगळेच देत्यात की. फॅशनच हाय. पाव्हणं, तुमीबी द्या, गंमत बगा." आणि शिवपुत्रांना गमतीत मागं राहायची सवय नव्हती. "आण इकडं," म्हणत ते मिशीवर हात फिरवून बसले, आणि बालाजीराव प्रश्न वाचू लागले.

"इतरांना न ऐकू येणारे आवाज तुम्हाला ऐकू येतात का?"

"येत्यात की! दर अवसंला आमच्या अंगात देव येतो, तवा देव बोलतो. बाकीच्यांना कुठनं ऐकू येणार?"

"लोक तुमच्याबद्दल आपसात बोलतात असं वाटतं का?"

"वाटतं कशाला? बोलत्यातच! पंचायतीला उभारलो तवापास्नं दुसरा धंदाच न्हाय गावाला."

"तुमच्याकडे इतरांपेक्षा वेगळी शक्ती आहे असं वाटतं का?"

"मुरगाळलेला पाय नुसत्या हातानं उतरवतो आपण. इचारा कुणालाबी."

"एखाद्या वस्तूतून किंवा प्राण्यातून तुमच्यासाठी खास संदेश मिळतो का?"

"निघताना पाल चुकचुकली तर आमी पाऊल बाहेर टाकत न्हाय," शिवपुत्र म्हणाले, आणि उत्साहाच्या भरात सिताबाईही पदराआडून बोलून गेली, "आमीबी न्हाय टाकत."

बटण दाबलं. पट्टी आली ती लालभडक. "तीव्र लक्षणे. कृपया तातडीने मानसोपचारतज्ज्ञांना भेटा."

जीपचा ड्रायव्हर फिस्सकन हसला. शिवपुत्र ताडकन उठले, त्यांच्या मिशा थरथरू लागल्या. "म्या येडा? म्या? पाव्हण्याला घरी बोलवून येडा ठरीवता व्हय? चल गं दीपाली!" आप्पा हात जोडत त्यांच्या मागं धावू लागले, बालाजीराव मोबाइललाच शिव्या देऊ लागले, कोंबड्या पुन्हा अंगणात शिरल्या.

आणि त्या गोंधळात वैजनाथ उभा राहिला. आयुष्यात इतक्या मोठ्यानं तो क्वचितच बोलला असेल.

"काका, थांबा! तुमाला काय झालेलं न्हाय. आजार मला हाय."

जीपकडं निघालेले पाय थांबले. वैजनाथ थांबला नाही, थांबला असता तर पुन्हा बोलूच शकला नसता. त्यानं आजाराचं नाव सांगितलं, टॉवरचे आवाज सांगितले, ढाबा सांगितला, उमरगा सांगितलं. "गोळी रोज चालू हाय, म्हणून मोबाइलला हिरवं दिसलं. त्याला गोळी दिसत न्हाय, आन् तुमचा देवबी दिसत न्हाय. असल्या परीक्षेनं डॉक्टरकडं जावं का एवढंच कळतं, असं बाई सांगत्यात. आजार हाय का न्हाय ते माणसाला समोर बसवून, बोलून ठरवावं लागतं. गोळी म्या सोडणार न्हाय. लपवून लगीनबी करणार न्हाय. झालं."

त्याला इतकं हलकं वाटलं की लग्न मोडल्याचं दुःखसुद्धा लगेच जाणवलं नाही. शिवपुत्र काहीतरी बोलणार, तेवढ्यात दीपाली दोन पावलं पुढं आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती अधीरपणे विचारू लागली.

"आवाज यायचे तवा कुणी जवळ येऊन बसलं तर चालायचं का? का अजून भ्या वाटायचं?"

"गप बसलं तर चालायचं. समजावाय लागलं की भ्या वाटायचं."

"जेवायला कसं घालायचे?"

"आई माझ्यासमोर आधी स्वतः खायची."

"आन् दार लावून घेतलं तर? बाहेरनं कडी घातली तर?"

वैजनाथ तिच्याकडं बघतच राहिला. कडीची गोष्ट त्यानं काढली नव्हती.

"दीपाली," शिवपुत्र म्हणाले. मघाचा आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक.

"न्हाय काका, ह्यांनी सांगितलं, आता आपणबी सांगू." ती वैजनाथकडं वळली, आणि तिचे डोळे भरून आले. "आमची प्रेमाआत्या मागच्या खोलीत हाय. काकांची पाठची बहीण. लई वर्षं झाली. भिंतीशी बोलती, आमच्या हातचं खात न्हाय. बाहेरनं कडी असती. साखर तेवढी खाती, म्हणून पाव्हणे आले की तिच्या तोंडात साखर घालत्यात, म्हंजे गप राहती. तुमी आमच्याकडं आलता तवाबी ती आतच हुती."

शिवपुत्र तिथंच अंगणात, सारवणावर बसले. "देवाधर्माचं सगळं केलं म्या," ते म्हणाले. "कमी न्हाय केलं." आणि एवढा मोठा माणूस उपरण्यात तोंड घालून हुंदके देऊ लागला. त्यांच्याजवळ जाऊन बसले ते आप्पाच. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि वर न बघताच म्हणाले, "वैजू, बाई बंद कर म्हणत न्हाईत तवर गोळी सोडायची न्हाय."

दीपालीनं डोळे पुसले. "मंगळवारी बसत्यात ना त्या बाई? बाईमाणसाला तपासत्यात?"

"तपासत्यात. सगळ्यांना."

"मग ह्या मंगळवारी आत्याला घेऊन येते. तुमी थांबाल तिथं? आमाला तिथलं कायच ठावं न्हाय. काय बोलायचं, ती घाबरली तर काय करायचं, तुमालाच म्हायती."

"थांबतो," वैजनाथ म्हणाला. "दवाखान्याचं दार उघडायच्या आधी येऊन थांबतो."

पाहुणे गेले. लग्नाचं कुणी एका शब्दानं बोललं नव्हतं. जीप वळणाआड गेली तरी वैजनाथ रस्त्यावरच उभा होता आणि एकटाच हसत होता. सिताबाईनं ते बघितलं. तसं एकट्यानं हसणं तिनं पूर्वी पाहिलं होतं. ती धावत आली, त्याचा दंड धरला.

"काय झालं रं? ती हो म्हणाली का?"

"न्हाय, आये. हो न्हाय म्हणाली अजून."

"मग हसतूस कशाला?"

वैजनाथनं आईचा हात घट्ट धरला. "आये, तिनं माझ्याकडं मदत मागितली."