थोरल्याची नळी

आमच्या घरात रविवारच्या मटणातली नळी थोरल्याच्या ताटात पडते. हा कायदा मी पन्नास वर्षं चरफडत पाळला. मग दादाला हृदयविकाराचा झटका आला, डॉक्टरांनी त्याचं मटण बंद केलं आणि नळी माझ्या ताटात आली. मी ती थाटात ताटावर आपटली, आतला गर ओढला आणि रिकामी नळी पाव्यासारखी फुंकून दाखवली.

समोर दादा दुधीची भाजी चिवडत होता. त्याने नळी मागून घेतली आणि तिच्यावरचं टाचणीएवढं भोक मला दाखवलं.

"इथून रक्तवाहिनी आत जाते. डॉक्टर म्हणाले, दुखणं हृदयाचं असलं तरी हाडापर्यंत पोचतं. आतल्या बारीक वाहिन्या पाझरायला लागतात. तिथल्या गरात तयार झालेल्या रक्तपेशी मग हृदयालाच पुन्हा छळतात."

"जेवताना हे काय," वहिनी म्हणाली.

मी हसलो, पण माझ्या नडगीत काहीतरी ठकठकत होतं. हाड ही माणसातली सगळ्यात मुकी वस्तू, असं मी समजत होतो. ते आत बसून हृदयाचं सगळं ऐकत असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि थोरला पानावरून कायमचा उठायला लागल्याशिवाय नळी धाकट्याकडे येत नाही, हेही मला तेव्हाच सुचलं.

वहिनीने दुसरी नळी वाढायला घेतली. मी ताट मागे ओढलं.

"दादाला वाढा."

"अरे, मला चालत नाही."

"खाऊ नकोस. नुसती ताटात असू दे."

दादाने ती उचलून कानाला लावली आणि बराच वेळ ऐकत राहिला.

"काय म्हणतेय?"

"म्हणतेय, धाकट्याला सांग, घाई नाही."