तिच्या वाट्याचं मीठ

मावशी फरशीला गाल टेकवून नवऱ्याच्या पलंगाखाली लटकलेल्या लघवीच्या पिशवीकडे बघायची. बघून झालं की तिथूनच ओरडायची, "सिस्टर, उतरून राह्यलं काय?" मी तिकडे दुसऱ्या पेशंटची नस शोधत असायचे. पिशवी हिच्या नाकासमोर आणि विचारणार मला!

पहिल्या दिवशी तिने ती पिशवी सरळ उचलून खिडकीच्या उजेडात धरली होती. पिशवी वर उचलली की लघवी उलटी जाते म्हणून मी तिच्यावर खेकसले. तेव्हापासून तिने पिशवीला हात लावला नाही, स्वतःच फरशीवर वाकायला लागली. वाशीमच्या आमच्या वॉर्डात नातेवाइकांचे नाना प्रकार मी पाहिले आहेत, तुम्हीही कुठे ना कुठे पाहिले असतील. कुणी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत बसतं, कुणी मशीनवरच्या आकड्यांकडे. पिशवीकडे बघत बसणारी ही एकटीच.

तिचा नवरा आसेगावकडचा शेतकरी. हृदय थकलेलं. पाय मांड्यांपर्यंत सुजलेले, बोटाने दाबलं की खड्डा पडेल असे, पोटात पाणी, आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा म्हणून रात्रंदिवस उशीला टेकून बसलेला. लघवीचं इंजेक्शन दिलं की बाकीच्यांच्या पिशव्या बघता बघता भरतात. याच्या पिशवीचा तळही झाकला जाईना. डोस वाढवला, मग दुप्पट केला. अंगातलं पाणी जागचं हलायला तयार नव्हतं.

"सारी जिनगानी पानी दे म्हून देवाले हात जोडले," मावशी म्हणायची, "आता पानी ने म्हून जोडून राह्यली. देव बी म्हनत असन, या बाईले नेमकं पायजे तरी काय?" आणि पदर तोंडाला लावून हसायची. हसता हसताच तिचं लक्ष पुन्हा पिशवीकडे जायचं.

एकदा तिच्या डब्यातली वांग्याची भाजी मी चाखली. पार अळणी.

"मावशी, मीठ त्यांना बंद आहे. तुम्हाला कुणी बंद केलं?"

"मीच सोडलं. ह्यायच्या पायाची सूज उतरत नाही तवलग मीठ तोंडात घालनार नाही, असं देवीपुढं बोलली मी."

मला असल्या नवसांचा भारी राग येतो. ऐन उन्हाळा, दिवसभर जिन्याची चढउतार, त्यात अंगात मीठ नाही. उद्या हीच आडवी झाली तर? मी बरंच काही बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पोळीचा तुकडा मोडून माझ्यापुढे धरला.

शेवटी डॉक्टरांनी वेगळा उपाय ठरवला. नेहमीपेक्षा जास्त मिठाचं सलाईन, अगदी थोडं, हळूहळू, आणि त्याच्या जोडीला लघवीचं मोठं इंजेक्शन. मिठाच्या ओढीने सुजेतलं पाणी रक्तात येईल आणि मूत्रपिंड इंजेक्शनला दाद देईल, असा हिशेब. याच्या पुढचे उपाय त्या हृदयाला झेपणारे नव्हते, हे आम्हाला ठाऊक होतं. आशा होती ती एवढ्यावरच.

मी सलाईन लावलं, थेंब जमवले आणि पलीकडच्या पेशंटकडे गेले. परत येऊन बघते तर थेंब बंद. नळीवरचं चाक कुणीतरी गच्च आवळलेलं.

"मी केलं बंद," मावशी म्हणाली. आवाजात भीती नाही की संकोच नाही. "मी मीठ सोडलं, अन् तुमी तेच ह्यायच्या नसीत घालून राह्यले? माहा बोल काहून मोडता?"

डॉक्टर आले. आधी समजावलं, मग आवाज चढवला. ती ते चाक मुठीत धरून उभीच. आणि तिचं तरी काय चुकलं? मीठ म्हणजे विष हे इतके दिवस आम्हीच तिच्या डोक्यात घातलं होतं.

तेव्हा नवरा बोलला. त्याला एक वाक्य पुरं करायला चार श्वास लागायचे.

"सोड वं. तू सोडलं ना मीठ? मंग तुह्या वाट्याचं... येऊ दे मले."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग हळूच मूठ उघडली.

"घ्या मंग," ती म्हणाली, "माह्या वाट्याचं समदं घ्या."

संध्याकाळी फरशीवरून आरोळी आली, "सिस्टर, उतरलं!" तिने आख्खा वॉर्ड गोळा केला. शेजारच्या म्हाताऱ्याला वाकून पिशवी बघायला लावली. लघवी झाली म्हणून एवढी माणसं आनंदाने हसताना मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाहीत. मीही हसले आणि डोळे पुसले. पुढच्या दिवसांत त्याचे घोटे दिसायला लागले. मावशीचा नेम तर आणखी कडक झाला. चहाबरोबरचं बिस्किट हातात धरून तिने विचारलं, "यात मीठ असते काय?" असतं, मी म्हटलं. तिने ते ठेवून दिलं.

आणि मग पाणी थांबलं. सलाईन तेच, इंजेक्शन तेच, पिशवी कोरडी. सूज पुन्हा वर चढली, छातीत पाणी भरलं. डॉक्टर पलंगाशी नुसते उभे राहायचे. फरशीवरून प्रश्न यायचा आणि मी दुसऱ्या पेशंटकडे वळायचे.

"त्या बिस्किटानंच झालं," ती मला एका कोपऱ्यात ओढून म्हणाली. "तुमी सांगतलं त्याच्या आधी मी एक खाल्लं व्हतं. माह्यानंच झालं, सिस्टर."

तसं काही नसतं, मी तिला परोपरीने सांगितलं. हृदयच थकलंय, मूत्रपिंड थकलंय. ती मान हलवत होती, पण तिला ते पटलं नव्हतं. तिचे हात हातात घेऊन मी रडले. नर्सने पेशंटच्या नातेवाइकासमोर रडू नये म्हणतात. दुसऱ्या दिवशी दुपारी तो बसल्या जागी, तिच्या खांद्यावर मान टाकून गेला.

दिवाळीनंतर आसेगावला आरोग्य शिबिर होतं. मावशी शोधत आली आणि मला हाताला धरून घरी जेवायला घेऊन गेली. बारीक झाली होती. ताट वाढून समोर बसली.

"मीठ बराबर हाय का पाहा बाई. मले चाखता येत नाही."

माझा घास हातातच राहिला.

"मावशी, अजून?"

तिने मान डोलावली. मग मी खोटं बोलले, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. म्हटलं, "त्यांचे पाय उतरले होते, मावशी. शेवटच्या दिवशी. मी स्वतः पाहिले."

तिने माझ्याकडे मायेने बघितलं, जशी मी तिच्याकडे वॉर्डात बघायचे.

"नेताना मी दाबून पाह्यले, सिस्टर. केवढा खड्डा पडला," ती म्हणाली आणि माझ्या ताटात वरण वाढलं. "जेवा तुमी. गार होऊन राह्यलं."