तनमोराचं कार्ड

इस्माईलचाचाला तुमी नुस्तं "चाचा, आज एक पाखरू बगितलं" म्हनलं की संपलं. शिलाई मशीन थांबायची, चष्मा कपाळावर जायचा आनि सवाल सुरू. "कुटं बगितलं? कवा? काय करत व्हतं? संगं कोन व्हतं?" मी एकदा फाटकी विजार शिवायला गेलो, तर तासभर टावेल गुंडाळून खोकडाचं शेपूट केवढं व्हतं तेच सांगत बसलो. विजार तशीच घिऊन परत आलो.

सोलापुरात त्यांचं इवलंसं दुकान. शर्टपीसच्या खोक्यातला पुठ्ठा कापून त्यांनी कार्डं केलेली. एका पाखराला एक, एका जनावराला एक. लांडगा, खोकड, सायाळ, माळढोक, चंडोल. वर मराठी नाव, खाली धनगर काय म्हनतात, कानडीत काय, तेलगूत काय. मंग कुटं दिसलं, कवा, कुनी बगितलं. कॉलेजची पोरं, फारेष्टची मानसं, कुनालाबी आपल्या माळावरची माहिती पायजे असली की हितंच यायची.

मी म्हाळप्पा. वळसंग-सोलापूर टमटम चालवतो. दोन वर्सं पहिलीतच बसलो, तिसऱ्या वर्सी मास्तर बदलून गेले, मंग मीबी गेलो. कार्ड मला वाचता येत न्हाय. पन चाचांना माळावर न्यायचो मीच.

एकदा म्हनलो, "चाचा, मोबाईलवर सगळं असतंय की."

"मोबाईल सांगतो, पाखरू कसं दिसतं. वळसंगच्या माळावर परवा व्हतं का, हे मोबाईलला कोन सांगनार? तूच की रे, येड्या."

हे ऐकून मी फुगलो. आनि फुगलेलं बेडूक गप बसत न्हाय.

तनमोराचं कार्ड लई वर्सं कोरं व्हतं. पावसाळ्यात हा कोंबडीएवढा काळा-पांढरा पक्षी गवतातनं वर उडी मारतो, परत गवतात पडतो. कशासाटी, तर मादीला दाखवायला. चाचांनी जन्मात बगितला नव्हता. एका श्रावणात मी दुकानात शिरलो नि म्हनलो, "चाचा, तनमोर! उड्या मारत व्हता!" निव्वळ गंमत. चाचा उठून उभं ऱ्हातील, मंग हसून सांगू, असा इचार.

चाचा उठले. चार सवाल इचारले. उत्तरं त्यांच्याच तोंडनं ऐकलेली, फडाफडा दिली. "संगं कोन व्हतं?" म्हनल्यावर टमटममधल्या दोन बायकांची नावं ठोकून दिली. चाचांनी चष्मा दोनदा पुसला, मंग एकेक अक्षर कोरून लिवलं. मी ते बगत बसलो. खरं सांगायचं ऱ्हाऊन गेलं.

पंधरा दिसांनी बार्शीची एक ताई आली, पाखरांचा अभ्यास करनारी. चाचांनी कौतुकानं ते कार्ड पुढं केलं. ताई माज्याच टमटममधनं माळावर गेली, तीन दिस उनात बसली. तिसऱ्या दिवशी तिला भोवळ आली, तवा कुटं माज्या तोंडातनं खरं बाहेर पडलं.

चाचांनी ताईम्होरं हात जोडले. "बेटी, माफ कर. त्या दोन बायकांना मी इचारायला पायजे व्हतं." मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या मला पचतात, घरच्या खुराकातलंच हाय ते.

त्यानंतरबी ते माज्यासंगं माळावर यायचे, चहा प्यायचे, माज्या येडेपनाला हसायचे. फकस्त मी सांगितलेलं लिवायचे न्हाईत.

औंदा पावसाळ्यात चाचांनी अंथरून धरलं. दम पुरंना. त्याच आठवड्यात सकाळी रिकामी टमटम घिऊन येत व्हतो. गवतातनं काळं-पांढरं कायतरी वर उडालं, खाली पडलं. परत उडालं. डोक्यामागं तुरं. मी ब्रेक मारला, मोबाईल काढला. फोटूत माजा अंगठा लई झकास आला. बाकी गवत.

तसाच खाटेपाशी गेलो. "चाचा, आईची आन, तनमोर!"

त्यांनी डोळे उघडले. एकेक सवाल, मधी दम घेत. शेवटी, "संगं कोन व्हतं?"

"एक शेळी व्हती, चाचा."

ते हसले, हसता हसता खोकले. "शेळीची सही चालत न्हाय, बेटा."

"लिवा की चाचा. ह्या खेपेला खरं हाय."

माजा हात धरला. "मला पटलंय. मी तुला वळखतो. पन कार्ड वाचनारा तुला वळखत न्हाय. जा, कुनालातरी दाखव."

एका धनगराला बळंच संगं घिऊन मी चार दिस माळावर बसलो. तनमोर आला न्हाय. पाचव्या दिवशी चाचा गेले.

कार्डं आता बार्शीच्या ताईकडं हायती. परवा तिला म्हनलो, तनमोराचं तेवढं एक वाचून दाखवा.

"तुमचं नाव आहे, म्हाळप्पा. त्या ओळीवर एक रेघ मारली आहे, आणि शेजारी लिहिलंय, खोटं."

"खोडलं तरी वाचता येतंय?"

"चाचा पुसून टाकत नसत. चूकसुद्धा वाचता आली पाहिजे म्हणायचे."

"आनि खाली?"

"खाली कोरं आहे." तिनं पेन काढलं. "तुम्ही सांगा, मी लिहिते."

तोंडापर्यंत आलं व्हतं. गिळलं.

"नगं ताई," मी म्हनलो. "संगं कोन नव्हतं."