एका हाताने बघायचं पुस्तक

आमची आत्या फोटोंची पुस्तकं बनवते. लग्नाचे अल्बम नाही हां, तसं कुणी म्हटलं की ती भडकते. लोक वर्षानुवर्षं एकाच गोष्टीचे फोटो काढत बसतात, मग पिशवीभर फोटो तिच्यासमोर ओततात आणि ती त्यातून पुस्तक काढते. सगळे फोटो आधी काडेपेटीएवढे छापून फरशीवर मांडते आणि चार-चार दिवस त्यांच्यामधून रांगते. तिचे मिस्टर दारात उभे राहून विचारतात, "आत यायला व्हिसा लागतो का?"

मागच्या वर्षी एक रिटायर्ड वायरमन काका आले. पंचवीस वर्षं त्यांनी फक्त बायकोचे फोटो काढलेले, तेही शिलाई मशीनवर बसलेली असतानाच. आता काकूंना लकवा झालेला. उजवा हात गेला, मशीन बंद.

काका म्हणाले, "मी पानं उलटून दाखवणार नाही. तिचं तिने बघावं. तिचं ती करते असं दिवसभरात काही उरलंच नाही हो. टेबलावर ठेवलं की पुस्तक उघडं राहिलं पाहिजे, एवढंच करा."

आत्या म्हणाली, राहील.

आणि नाही राहिलं! नातेवाइकांना वाटायच्या धरून चाळीस प्रती छापून झाल्या, पहिली प्रत तिने स्वतः शिवली, टेबलावर उघडली, हात काढला, तर पानं हळूहळू उठली आणि पुस्तक मिटलं. आत्याचा चेहरा असा पडला ना! कागदाच्या आत बारीक धागे असतात, ते सगळे एका दिशेने जातात. ते पुस्तकाच्या पाठीच्या शिवणीला आडवे आले की पान ताठ राहतं, लोळत नाही. म्हणून ती कागदाच्या प्रत्येक गठ्ठ्यातली एक पट्टी ओली करून बघते, कुठल्या बाजूने वळते ते. या वेळी पहिला गठ्ठा बघितला आणि दुसरा तसाच जाऊ दिला. लेबल तेच होतं ना!

ती प्रत घेऊन ती प्रेसमध्ये गेली. प्रेसवाले म्हणाले, "ताई, वजनाखाली ठेवा, बसेल. आणि लोक दोन हातांनी धरतातच की पुस्तक."

"जिच्यासाठी केलंय तिला एकच हात आहे. तिने धरायचं की उलटायचं?"

"परत छापायला मशीन बुधवारपर्यंत मोकळं नाही."

"मग बुधवारी येते."

भाजीत मीठ जास्त झालं तरी कबूल न करणारी आमची आत्या! तिने तिथूनच काकांना फोन लावला. "काका, उशीर होणार. प्रेसची नाही, माझी चूक आहे." मी असते ना, तर कागदवाल्यावर ढकलून मोकळी झाले असते. खरंच सांगते.

बुधवारी तिने झाडून सगळ्या गठ्ठ्यांच्या पट्ट्या भिजवून खिडकीत मांडल्या. प्रेसवाले म्हणाले, "ताई, धुणं वाळत घातलंत का?" ती हसलीसुद्धा नाही. चाळीसच्या चाळीस प्रती परत छापल्या, सगळ्या तिने स्वतः शिवल्या. बोटांना चिकटपट्ट्या लावून.

पहिली प्रत घेऊन आम्ही काकांच्या घरी गेलो. काकू टेबलाशी बसल्या होत्या. डाव्या हाताने त्यांनी पुस्तक उघडलं, हात काढला. पानं पडून राहिली. मला इतकं भरून आलं की मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. मग त्या पान उलटायला लागल्या, हळूहळू. एकदा दोन पानं चिकटली तर काका पुढे झाले, आत्याने त्यांची बाही धरून मागे ओढलं. काकूंनी अंगठ्याने पानं सोडवली.

मग एका फोटोवर त्या थांबल्या. "हा कशाला घातला? टीप वाकडी गेलीये माझी."

आत्या घाबरूनच गेली. "काढू का?"

"काही नको. सरका जरा, उजेड अडवताय सगळे," असं म्हणून त्यांनी पुढचं पान उलटलं.