नानाजींनी जिन दिली, पण किल्ल्या?

हिंगणघाटच्या नानाजींना मरणाची फारशी भीती नव्हती. धास्ती होती ती मरणावरच्या कराची, म्हणजे माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेवर सरकार लावी त्या कराची. स्वतःच्या हिमतीवर उभी केलेली त्यांची कापसातली सरकी काढायची जिन लाखापर्यंतच्या मालमत्तेला असलेल्या करमाफीत बसत होती, म्हणून ते निर्धास्त होते. पण एकोणीसशे अठ्ठावन्न साली सरकारनं माफी निम्म्यावर आणली आणि नानाजींची झोप उडाली. वकील मधुकररावांनी उपाय सांगितला. जिन आत्ताच मुलाला, लहानूला बक्षीसपत्रानं देऊन टाका. त्यानंतर दोन वर्षं जगलात की तिच्यावर कर नाही.

आता जगायचं म्हणजे जगायचंच! नानाजींनी तंबाखू सोडली, ठेच्याकडे पाठ फिरवली. साधी शिंक आली तरी वैद्याकडे माणूस धावे. जन्मभर बायकोचं एक न ऐकणारा हा गृहस्थ मीराबाईंनी दिलेला कडू काढा मुकाट पिऊ लागला. गावाला फुकटची करमणूक झाली.

पुढच्या दिवाळीत जिनमध्ये लक्ष्मीपूजन होतं. मधुकररावही प्रसादाला आले होते. रिवाजाप्रमाणे नानाजींनी कमरेच्या किल्ल्या देवीपुढे ठेवल्या. आरती झाली, आणि दरवर्षीसारख्या त्यांनीच त्या उचलून परत कमरेला खोचल्या. मग ऐटीत गादीवर बसले. लहानू कोपऱ्यात बत्तासे वाटत होता.

मधुकररावांनी कपाळाला हात लावला. "नानाजी, जिन कोनाची हाय?"

"लहानूची. कागद तुमीच केला ना?"

"मंग किल्ल्या तुमच्या कमरेले काऊन? कागदावर देल्लं अन् हातात धरून ठेवलं, त्याले सरकार देनं म्हनत नाई. तुमचे दोन वर्सं अजून सुरूच नाई झाले!"

नानाजींचा चेहरा उतरला. वर्षभराचे काढे वाया गेले, ते एक असो. पण किल्ल्या खरंच द्यायच्या, या विचारानं त्यांना रडू कोसळायचं बाकी होतं. बराच वेळ ते गादीवरून हात फिरवत बसले. शेवटी त्यांनी किल्ल्या लहानूच्या हातात ठेवल्या आणि उठून बाहेर ओट्यावर आले.

मीराबाई मागोमाग येऊन शेजारी टेकल्या.

"आता मी कोन वं?" नानाजींनी विचारलं.

"चाळीस वर्सं जिनीले देल्ले तुमी," मीराबाई म्हणाल्या. "आता हे दोन मले द्या. अन् देल्ल्यावर पुन्हा उचलून कमरेले खोचू नोका."