पाच मुलींचे एकच बाबा

“दीदी को हिंदी नहीं आती होगी, तभी तो चुप रहती हैं,” पहिल्या बाकावरची मुलगी शेजारणीच्या कानात म्हणाली. कानात म्हणजे, फळ्यापाशी उभ्या असलेल्या मलाही नीट ऐकू येईल इतक्या मोठ्यानं.

घरी मराठी असली तरी मी जबलपूरची. हिंदी मला झोपेतही येते. पण हातात खडू घेऊन पाच मुलींसमोर उभं राहिल्यावर मला कुठलीच भाषा येत नव्हती, त्यामुळे ती अगदीच चूक होती असंही नाही. मी फळा पुसला. तो आधीच पुसलेला होता.

या मुली बरगी धरणाकडच्या गावांतल्या. आठवीपर्यंत हिंदी शाळा, आता नववीला शहरातली शाळा आणि वसतिगृह. तिथल्या इंग्रजीच्या मॅडम मराठी, आमच्याच कॉलनीतल्या. पहिल्या तासाला त्या प्रत्येकीला उभं करून स्वतःबद्दल बोलायला लावत. जिला जमेल ती ‘अ’ तुकडीत, बाकीच्या ‘ब’मध्ये, आणि ‘ब’मधलं इंग्रजी म्हणजे फळ्यावरचं वहीत उतरवणं. पाचही जणींना ‘अ’मध्येच बसायचं होतं, तेही एकत्र. त्यासाठी दहा दिवस शिकवायला मॅडमना कुणीतरी हवं होतं आणि आईनं मला न विचारता होकार देऊन टाकला.

“काहून घाबरून राहिली? पोरीच आहेत, वाघ नाहीत,” आई म्हणाली. “ग्वारीघाटावरचे नावाडी गोऱ्या पाहुण्यांशी फाडफाड बोलतात, अन् तू केजीपासून इंग्रजीत शिकून गप्प!”

मला हिंदी येत नाही अशी समजूत झाल्यावर मुली माझ्याशी खाणाखुणांनी आणि एकेका इंग्रजी शब्दानं बोलू लागल्या. “दीदी, वॉटर?” “दीदी, फॅन, स्लो?” आपसात मात्र त्या माझ्यासमोरच बिनधास्त हिंदीत बोलत. एकीचे बाबा धरणावर मासे धरतात, एकीची आई ट्रॅक्टर चालवते, आणि माझी ओढणी रोज तीच असते, हे मला असंच कळलं. हे ऐकल्याच्या दुसऱ्या दिवशी मी ओढणी बदलली. पाच जणींनी एकमेकींकडे पाहिलं, पण मला हिंदी कळते हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

वर्गात शिरताना परवानगी मागायचा सराव करायचा होता, पण आमचा वर्ग भरायचा त्या कॉलनीतल्या मंडळाच्या खोलीला दारच नव्हतं. मग सगळ्यात उंच मुलगी दार झाली. बाकीच्या तिच्या खांद्यावर टकटक करत, “मे आय कम इन?” विचारत, आणि ती “कर्रर्र” करून बाजूला होई. तिसऱ्या दिवशी दार रडवेलं होऊन म्हणालं, “दीदी, आय डोअर. आय व्हेन कम इन?”

स्वतःबद्दल काय बोलायचं, त्याचा नमुना मी फळ्यावर लिहून दिला. नमुना म्हणून माझीच माहिती लिहिली. माझे बाबा रिछाईला कारखान्यात आहेत, माझा भाऊ पुण्याला असतो, मला पालीची भीती वाटते. मुली तो रोज घडाघडा म्हणत. मला वाटलं, वाक्यं एकदा पक्की झाली की आपापली माहिती घालतील. हे त्यांना सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे सलग तीन-चार वाक्यं बोलायची. मी ते उद्यावर टाकत गेले आणि दहा दिवस संपले. आणि समजत नसेल तेव्हा हसून “येस मॅम” म्हणायचं, हेही मीच शिकवलं होतं.

पहिल्या तासाला मॅडमनी मलाही बोलावलं. मी शेवटच्या बाकावर, जमेल तेवढी लहान होऊन बसले.

पहिली उठली. बाबा रिछाईला कारखान्यात, भाऊ पुण्याला, पालीची भीती. एकही चूक नाही. मॅडम खूश. दुसरी उठली. बाबा रिछाईला कारखान्यात. तिसरीच्या वेळी मॅडमनी चष्मा काढला. पाचवी पालीपर्यंत पोचली तेव्हा वर्गातल्या मुली बाकांखाली तोंड घालून हसत होत्या.

“तुम्ही बहिणी आहात?” मॅडमनी इंग्रजीत विचारलं.

“येस मॅम,” पाच जणी हसून म्हणाल्या.

“पाचही जणी? एकाच वर्गात?”

“येस मॅम.”

“माझी थट्टा करताय?”

“येस मॅम!”

मॅडमचं हसू मावळलं. त्यांनी ‘ब’ तुकडीची यादी पुढे ओढली आणि पेनचं टोपण काढलं. मुलींना इंग्रजी कळलं नव्हतं, पण यादी कोणती ते कळलं. जी दार झाली होती, ती मागे वळून माझ्याकडे पाहू लागली. मग बाकीच्या चौघी. मग सगळा वर्ग.

मी उठले तेव्हा बाक मोठ्यानं करकरला. घशाशी तीन भाषा आल्या होत्या, त्यातली घरची तेवढी बाहेर पडली, आणि ती मला वाटलं त्यापेक्षा बरीच मोठ्यानं पडली.

“मॅडम, ते बाबा माझे आहेत. यांना आपापले आहेत. परत विचारा.”